दोन चक्क्या, एक ठोका

आमच्या घरात हाक मारायची ती पायाने. मागच्या खोलीत आम्ही राहायचो, पुढच्या खोलीत पिठाची गिरणी होती, आणि ती गिरणी चालवायची माझी आत्या, जिला ऐकू यायचं नाही. सात-आठ वर्षांची असताना ताप डोक्यात गेला आणि कान गेले, एवढंच तिच्याबद्दल आम्हा भावंडांना सांगितलेलं होतं. बोलायची ती. शब्द सगळे शाबूत होते, फक्त आवाजाला चढउतार नव्हता, त्यामुळे ‘चहा उकळला’ आणि ‘पत्र्यावर साप आहे’ ही दोन्ही वाक्यं ती एकाच सुरात सांगायची आणि ऐकणाऱ्याने काय ते ठरवायचं. अंबरनाथच्या एमआयडीसीत बाबा फिटर होते. मशीनं ज्या खोक्यांतून यायची त्या खोक्यांच्या जाड फळ्या कंपनी टाकून द्यायची. बाबांनी त्या सायकलवर बांधून आणल्या आणि उंबऱ्यापासून थेट चक्कीपर्यंत एक सलग पायवाट केली. आत्या दिवसभर त्या फळ्यांवर अनवाणी उभी. उंबऱ्यापाशी आपण टाच आपटली की तिकडे तिच्या तळव्याला कळायचं.

दोन ठोके म्हणजे इकडे बघ. तीन ठोके म्हणजे चक्की बंद कर. आणि एकच ठोका म्हणजे चुकलं. कुणाचा तरी पाय उगाच पडला, किंवा हाक मारली आणि काम नव्हतंच, तर मागाहून एक ठोका द्यायचा. आत्या वळलेली असली तर मान हलवून परत दळणाकडे बघायची. आमच्या घरात तोंडाने ‘चुकलं माझं’ म्हणायची कुणालाच सवय नव्हती. माझा स्वभाव तेव्हाही आजच्यासारखाच, नाकावर राग. दादाचा माझ्याहून वाईट. पण चूक कबूल करायला पाय होता, आणि पायाला मान खाली घालावी लागत नाही. आत्याशी भांडून मी शाळेत निघून जायचे, जाता जाता उंबऱ्यावर एक टाच आपटायची, की विषय संपला. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं या एका ठोक्यापाशी येऊन थांबतं.

गिरणीत लहानपण गेलेल्या माणसाला पांढरा रंग वेगळा दिसत नाही. पापण्यांवर पीठ, बुद्धाच्या तसबिरीच्या चौकटीवर पीठ, आईच्या भाकरीच्या परातीत तर पीठ असायचंच. आमच्याकडे बदलापूरच्या बाजूच्या गावांतून बायका तांदूळ घेऊन यायच्या. सणासुदीला वड्यांचं भरडं दळण. दळण होईपर्यंत त्या फळ्यांच्या कडेला बसायच्या आणि आत्याची मस्करी करायच्या, आणि आत्या त्यांच्या ओठांकडे बघून अर्धं ओळखायची, अर्धं मनाने भरायची. आई त्यांना काळा चहा द्यायची, त्या आम्हाला सुकट द्यायच्या. दुपारी तांदळाची गरम भाकरी आणि तव्यावर भाजलेली सुकट, वरून कच्चा कांदा. आजही कुठे सुकट भाजल्याचा वास आला की माझ्या तळपायांना खालून चक्की चालल्यासारखी वाटते. दोन गोष्टी एकत्र शिरल्या की शरीर त्या सोडवून ठेवत नाही.

आत्या पीठ चिमटीत धरून बघायची, ते सगळेच गिरणीवाले बघतात. तिचं खरं काम डाव्या हाताचं होतं. डावा तळवा ती चक्कीच्या अंगावर, जिथून दाणे पडतात त्याच्या खाली, ठेवून असायची. गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी मारायची वेळ झाली हे तिला आठवडाभर आधी समजायचं. दाण्यात खडा आला तर तो पिठात उतरायच्या आत तिचा हात बटणावर. मी विचारायचे, काय लागतं हाताला? ती म्हणायची, “तुला हळद आणि मिरची वेगळी कशी लागते? तसं.”

दळण वाढलं तसं बाबांनी दुसरी चक्की घ्यायचं ठरवलं. नवी परवडणार नव्हती. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जुन्या मशिनींचे एक शेठ होते, घनशाम शेठ. बाबा मला बरोबर घेऊन गेले, दादाला नाही. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, बारावी होऊन गिरणीच बघत होता, त्याला हे लागलं. पण बाबांना भाव करता यायचा नाही. समोरचा जे म्हणेल त्याला ते मान डोलवायचे. मी नववीत होते आणि भाजीवालीशी कोथिंबिरीच्या काडीसाठी भांडणारी म्हणून गल्लीत ओळखली जात होते.

शेठच्या शेडमध्ये मी चक्कीभोवती तीन चकरा मारल्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण न कळणाऱ्याने जास्त वेळ बघावं, एवढं तेव्हाही कळत होतं. एका गंजलेल्या पायाकडे बोट करून मी गप्प उभी राहिले. शेठ म्हणाले, “क्या देखती है बेटी?”

“देख रही हूँ आप खुद बोलते हो क्या.”

“अरे साईं,” शेठ बाबांना म्हणाले, “लडकी लाए हो की वकील?”

बाबा ओशाळून हसले. मी हसले नाही. भाव उतरला, मग अजून उतरला. शेवटी शेठने हात जोडले तेव्हा मी कोपऱ्यातल्या पुल्यांच्या ढिगाकडे बोट केलं. पुली म्हणजे मोटरीवरचं ते लोखंडी चाक, ज्यावरून पट्टा फिरतो. एक पुली बाकीच्यांहून जरा लहान होती, तिच्यावर गंज कमी होता, म्हणून नजरेत भरली.

“ये भी डालो.”

“वो तेरे काम की नहीं, बेटी. उसका माप अलग है.”

“मेरे काम की नहीं, आपके काम की नहीं, तो इधर क्यों पडी है? डाल दो.”

शेठ इतके हसले की पुली त्यांनी स्वतः टेम्पोत टाकली. घरी दादाने ती उचलून बघितली आणि म्हणाला, “भाव करायला गेली आणि भंगार घेऊन आली.” पुली पलंगाखाली गेली. मी ते वाक्य लक्षात ठेवलं. माझ्याकडे अशी वाक्यं पुष्कळ आहेत.

बाबांनी नवी चक्की जुनीच्या शेजारी, दीड हातावर बसवली. फिटर माणूस, त्यांचा हट्ट असा की दोन्ही अगदी एकसारख्या चालल्या पाहिजेत, गिऱ्हाइकाला या चक्कीचं पीठ आणि त्या चक्कीचं पीठ असा फरक दिसता कामा नये. मोटर तीच, पुल्या त्याच मापाच्या, पट्टे एकाच दुकानातले. जोडी म्हणजे जोडी. आम्ही सगळे कौतुकाने बघत होतो. चूक तिथेच झाली होती, आणि ती इतक्या कौतुकाने केली होती की कुणाला चूक वाटणं शक्यच नव्हतं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत मला एवढंच जाणवलं की घर श्वास घ्यायला लागलं आहे. दुसरा शब्द मला सापडत नाही. मागच्या खोलीत भिंतीला पाठ लावून अभ्यासाला बसलं की पाठीत थरथर यायची, हळूहळू वाढायची, फळीवरची डबडी किणकिणायला लागायची, मग ती थरथर ओसरायची, इतकी की चक्क्या थांबल्या की काय असं वाटावं, आणि परत वाढायची. मी आकडे मोजले. एका फुगवट्यापासून दुसऱ्यापर्यंत सात, कधी आठ. पेल्यातल्या पाण्यावर बारीक कड्या उमटायच्या आणि पुसल्या जायच्या. आईला वाटलं तिला चक्कर येते. ती दोन दिवस लिंबूपाणी पीत होती.

आणि आत्या हाकेला वळेनाशी झाली. प्रत्येक वेळी नाही. कधी वळायची, कधी नाही. आई म्हणायची, दमली असेल. दादा म्हणायचा, लक्ष नाही. मग एका सकाळी, दोन्ही चक्क्या भरात असताना, नव्या चक्कीचा पट्टा पुलीवरून सरकायला लागला. दादाने उंबऱ्यावरून बघितलं आणि तीन ठोके दिले. आत्या हलली नाही. त्याने परत तीन दिले. आत्या तांदूळ ओतत होती. पट्टा निसटला, सापासारखा उसळला आणि तिच्या हाताला चाटून पत्र्यावर आदळला. कोपरापासून मनगटापर्यंत साल गेली. आणखी चार बोटं इकडे असता तर चेहरा होता.

हळद लावून, फडकं बांधून झाल्यावर दादा म्हणाला, “आत्याने आता गिरणीत उभं राहायचं नाही.”

आई म्हणाली, “अरे, पण तिचं दुसरं काय आहे?”

“मरण्यापेक्षा बरं. तिच्या पायातलं गेलं आता. वय झालं.” मग माझ्याकडे वळून, “आणि हे सेकंडहँड डबडं कुणी आणलं? स्वस्तात मिळालं म्हणून नाचत होती ना?”

आत्या आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. आमच्यातलं किती तिने वाचलं मला माहीत नाही. तिने फक्त विचारलं, “मी ऐकलं नाही?” त्याच सपाट आवाजात. तो प्रश्न तिने त्याआधी बहुधा एकदाच विचारला असेल, आठ वर्षांची असताना.

दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या खोलीत तांदूळ निवडायला बसली. निवडलेले तांदूळ परत निवडायची. डावा तळवा जमिनीवर टेकलेला. दादा गिरणीत उभा राहिला आणि पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी ज्वारीत खडा दळून दिला. मला त्याचा आनंद झाला, हे मी लपवत नाही.

पण मला टोचत होतं ते वेगळं. चक्की मी आणली होती. तिच्यात खोट असेल तर शेठने मला फसवलं, आणि खोट नसेल तर आत्या खरंच म्हातारी झाली. या दोन्हीतलं काहीही मला मान्य नव्हतं, म्हणून मी तिसरं काहीतरी शोधायला लागले. शास्त्राची आवड वगैरे नव्हती. हट्ट होता.

शाळेतून आल्यावर मी आत्याला फळ्यांवर पाठमोरी बसवलं आणि सांगितलं, ठोका लागला की हात वर कर. गिरणी चालूच होती. मी उंबऱ्यावर ठोके देत गेले. पहिला लागला. दुसरा नाही. तिसरा नाही. चौथा, पाचवा लागला. मग माझ्या लक्षात आलं, की माझी टाच मीच चुकीच्या वेळी आपटते आहे. थरथर फुगत असताना दिलेला ठोका तिच्यात बुडून जायचा. ओसरल्यावर दिलेला सरळ पोहोचायचा. मी थांबून, पाठ भिंतीला लावून, ओसर आली की ठोका द्यायला लागले. दहापैकी दहा वेळा आत्याचा हात वर. तिने वळून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्यासाठी मी आजही कुठलाही सौदा मोडेन.

“पायातलं गेलेलं नाही,” मी तिला ओठ मोठे करून सांगितलं. “वर काहीतरी येतं. लाट.”

“मग लाट कुणाची ते बघू,” आत्या म्हणाली, आणि उठली.

दादा जेवायला आत गेला होता. आम्ही दोघी गिरणीत शिरलो. जुनी चक्की एकटी चालवली: सरळ, एकसारखी थरथर, लाट नाही. नवी एकटी चालवली: तीही सरळ. खोट दोघींतही नव्हती. दोन्ही लावल्या: घर श्वास घ्यायला लागलं. मग आत्याने उजवा हात नव्या चक्कीवर ठेवला, डावा जुनीवर, आणि डोळे मिटले. मलाही तसंच करायला लावलं. हीच गोष्ट मला अजून पुरती उलगडलेली नाही. उजव्या हातात एकसारखी थरथर, डाव्या हातात एकसारखी थरथर. दोन्हीकडे नीट लक्ष दिलं तर छातीत मधेच काहीतरी हलतंय असा भास होई, पकडायला गेलं की विरून जाई. लाट ना या हातात ना त्या हातात. पण हात काढून भिंतीवर ठेवला की होतीच.

मग आत्या आत जाऊन जेवायला बसायचा पाट घेऊन आली. पट्ट्यांच्या उलट बाजूने, दोन चक्क्यांच्या मधल्या जागेत तिने तो असा दाबून बसवला की एक टोक या चक्कीच्या लोखंडाला टेकलेलं, दुसरं त्या चक्कीच्या. आणि मधोमध तळवा ठेवला. माझाही ठेवला. लाट तिथे होती! चक्क हाताखाली, मांजराचं पोट वर-खाली व्हावं तशी.

“हात दोन आहेत, ते दोन ऐकतात,” आत्या म्हणाली. “पाट एक आहे.”

मग तिने जुन्या चक्कीत पसाभर ज्वारी ओतली. दाणे पडताच चक्कीवर भार आला, ती किंचित मंदावली असणार, आणि पाटावरची लाट भरभर यायला लागली, सातावरून चारावर, तीनावर. दाणे संपले, लाट परत लांबली. आत्या पोरीसारखी हसली आणि परत ओतली. आम्ही गिऱ्हाइकाची अर्धी पायली ज्वारी नुसती लाट बघायला दळली.

मला अजून कळत नव्हतं. आत्याने मला फळ्यांवर नेलं, शेजारी उभं केलं आणि म्हणाली, चाल. आम्ही जागच्या जागी पावलं टाकायला लागलो. ती माझ्याहून अगदी जराशी भरभर. आधी आमची पावलं एकदम पडत होती आणि फळ्या दणदणत होत्या. हळूहळू तिचं पाऊल पुढे गेलं, आणि एक वेळ अशी आली की तिचं पाऊल पडे तेव्हा माझं वर असे, फळ्या गप्प. मग तिने मला परत गाठलं, परत दणदण. “लहानपणी आम्ही दोघी उखळात भात कांडायचो, तुझी आजी आणि मी,” ती म्हणाली. “मुसळं एकदम पडली की घर हलायचं. एकीमागून एक पडली की नुसतं टकटक. तुझ्या बाबाने दोन सारख्या बाया उभ्या केल्यात. पण अगदी सारख्या नाहीत. एक जराशी घाईची आहे.”

आता माझ्या मोटरींच्या दुकानात शिकलेले तरुण मशीन बघायला येतात. त्यातल्या एकाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, मावशी, याला फिजिक्समध्ये नाव आहे. त्याने नाव सांगितलं, कागदावर दोन नागमोडी रेघा काढून त्यांची बेरीजही करून दाखवली. मी ऐकून घेतलं. मग विचारलं, दोन हातांना का लागत नाही मग? तो म्हणाला, ते पुस्तकात नव्हतं. मी त्याला मोटरीच्या भावात एक पैसा सोडला नाही.

त्या दिवशी मात्र मला एकच घाई होती: दादाला दाखवायचं. तो हात पुसत बाहेर आला तेव्हा त्याची आत्या चक्कीजवळ उभी, बहीण पाटावर वाकलेली आणि ज्वारी अर्धी झालेली.

“आत्या, तुला सांगितलं ना! आणि तू काय खेळ मांडलायस, शके?”

“हात ठेव इथे.”

“माझ्याकडे वेळ नाही. मिस्त्री येऊन गेलाय सकाळी. तो म्हणतो, खालचा कोबा फोडून चक्की नव्याने बसवावी लागेल.”

“कोबा फोड, भिंत फोड, डोकं फोड! आधी हात ठेव!”

मी इतकी ओरडले की गल्लीतून दोन बायका आत डोकावल्या. बहुतेक त्यांच्यासमोर शोभा नको म्हणून दादाने हात ठेवला. मी त्याला आकडे मोजायला लावले. सातला आली, परत सातला आली. मग मी एक चक्की बंद केली. लाट गेली. त्याने हात काढून तळव्याकडे बघितलं, तिथे काही लिहिलेलं असावं तसं. डोळ्यांत उत्सुकता आलेली मी पाहिली. ती मला आठवते, कारण पुढच्या क्षणी ती त्याने झाकली.

“बरं मग?” तो म्हणाला. “लाट आहे. पुढे काय करायचं?”

आत्याला त्याचे ओठ दिसत होते. ती म्हणाली, “एकीला अजून हळू कर. पुष्कळ हळू. म्हणजे दोघी आपापलं बोलतील.”

मी आत धावले, पलंगाखाली आडवी झाले आणि ती पुली बाहेर काढली. वेगळ्या मापाची. भंगारातली. मोटरीवर लहान चाक बसलं की चक्की हळू फिरते, एवढं फिटरच्या पोरीला माहीत होतं. मी ती त्याच्या पायाशी ठेवली आणि एक शब्द बोलले नाही, जे माझ्या आयुष्यात फार कमी वेळा झालं आहे.

रविवारी बाबा घरी होते. पान्याचं काम दादाने केलं, बाबांनी पट्टा कमी करून ताणला. दोन्ही चक्क्या लावल्या, दोन्हींत दाणे ओतले. मी पाटावर हात ठेवला. ती लांब लाट गेली होती. तिच्या जागी बारीक खरखर, खडबडीत कापडावरून बोट फिरवावं तशी. आत्याने तळवा ठेवला आणि निवाडा दिला, “आधी म्हैस झोपली होती. आता दोन कोंबड्या आहेत. मला दोघी वेगळ्या कळतात.”

मग ती आपल्या जागी जाऊन फळ्यांवर उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून, हाताला अजून फडकं. दादा उंबऱ्यावर. सगळं घर बघत होतं, त्या दोन बायकासुद्धा, कारण गल्लीत बातमी गेली होती. आत्या दिसायला शांत होती, पण तिच्या पायाची बोटं फळीला घट्ट धरून होती. ती वळली नसती तर उरलेलं आयुष्य तांदूळ निवडण्यात जाणार होतं, आणि ते तिला माहीत होतं.

दादाने दोन ठोके दिले. टाच उचलायच्या आत आत्या वळली.

“परत फिर,” तो म्हणाला, हाताने खूण करून. थांबला. मग तीन ठोके. आत्याचा हात सरळ बटणावर, एक चक्की बंद, दुसरी बंद. गिरणीत अशी शांतता झाली की बाहेरची चिमणी ऐकू आली. त्या बायकांतल्या एकीने टाळी वाजवली. आई पदराने नाक पुसत होती.

आत्या तिथेच उभी होती, दादाकडे बघत. ती वाट बघत होती. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं कशाची. तिला म्हातारी म्हटलं होतं, जागेवरून उठवलं होतं. एक ठोका हवा होता, एकच, ज्याला मान खाली घालावी लागत नाही. मीही वाट बघत होते, माझ्या डबड्यासाठी, माझ्या भंगारासाठी.

दादा म्हणाला, “चला, झालं मशीन ठीक. दळणं खोळंबलीत,” आणि आत गेला.

आत्याने खांदे उडवले, बटण दाबलं, डावा तळवा ठेवला. त्यानंतर ती कित्येक वर्षं त्या फळ्यांवर उभी राहिली. तिला विचारलं तर म्हणायची, माझी जागा मिळाली, मला काय करायचाय ठोका. ती तशी होती. मी तशी नाही. लग्नकार्यात दादा ही गोष्ट सांगायचा आणि ती अशी सुरू व्हायची: “मी पुली बदलली तेव्हा...” पाटाचा उल्लेख नाही, आत्याचा जाता जाता, माझा नाहीच. मी दोनदा भर पंगतीतून उठून गेले आहे. पुढे मी त्याच कॅम्प पाचमध्ये, घनशाम शेठच्या शेडपासून हाकेच्या अंतरावर, जुन्या मोटरींचं दुकान टाकलं. विकत घ्यायच्या आधी मशीनवर तळवा ठेवते. विकणारे हसतात. मग भाव उतरायला लागला की हसत नाहीत.

आत्या गेली त्याला बराच काळ झाला. गिरणी बंद झाली, दादा मुलाबरोबर बदलापूरला, सोनिवलीत नव्या इमारतीत राहायला गेला. आणि इतकी वर्षं चक्क्यांत उभं राहून त्याचे कान गेले. यंत्र लावलं तर शिट्ट्या वाजतात म्हणून तो ते डबीत ठेवतो. म्हणजे जे भांडण मी जन्मभर जपून ठेवलं, ते ऐकायला आता समोरच्याला कानच नाहीत! मला त्याचा फार राग आला. मग मी ठरवलं, वाचता तर येतं. म्हणून हे प्रकरण, इथपर्यंतचं, आधी त्याच्यासाठी लिहिलं.

मागच्या आठवड्यात कागद घेऊन सोनिवलीला गेले. आत्याचा पाट माझ्याकडेच आहे, तोही पिशवीत घालून नेला, का ते मलाही नीट सांगता आलं नसतं. दादा खिडकीशी बसून वाचत राहिला. सून चहा ठेवून गेली, तो निवला. मधे एकदा तो हसला, बहुतेक लिंबूपाण्यापाशी. शेवटच्या पानावर फार वेळ थांबला. मग चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं नाही, आणि उजवा पाय उचलून टाच फरशीवर आपटली. एकदा.

मला दिसलं. पण पायाला काही लागलं नाही. या नव्या इमारतींच्या फरशा मुक्या आहेत, काही पोहोचवत नाहीत. आणि तळव्याला न लागलेला माल मी आयुष्यात कधी उचललेला नाही.

मी पिशवीतून पाट काढला, त्याच्या आणि माझ्या खुर्चीच्या मधे आडवा ठेवला. चपला काढल्या आणि माझ्या बाजूच्या टोकावर दोन्ही तळवे टेकले. दुसऱ्या टोकाकडे बोट केलं.

“इथे दे,” मी ओठ मोठे करून म्हटलं. “मला कळला पाहिजे.”

दादाने पाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “अजून भाव करतेस, शके?” तो म्हणाला. त्याच्या आवाजाचा चढउतार गेला होता, अगदी आत्यासारखा.

मग त्याने पाय उचलला.